गळ्यातला फोन, कामगाराचा डबा आणि पावणेचार लाख फोटो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणाऱ्या एका डॉक्टरांना शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामगारांचं दिवसभराचं खाणं, चहा, तंबाखू आणि बसून जाणारा वेळ मोजायचा आहे. नुसत्या प्रश्नावलीवर त्यांचा भरवसा नाही. अंगावर घालायचा खास कॅमेरा घ्यायला पैसे नाहीत, पण विभागात जुने अँड्रॉइड फोन पडून आहेत. ते गळ्यात अडकवून आपोआप फोटो घेतले तर चालेल का? ४० कामगार, प्रत्येकी ४ दिवस, असा बेत आहे.

डॉक्टर, चालेल. पण फोनकडे नंतर येऊ, आधी कागदावर एक गणित करा. दर १५ सेकंदांना एक फोटो म्हणजे तासाला २४०. कॅमेरा दिवसाला १० तास चालला तर २,४००. ४० माणसं आणि ४ दिवस म्हणजे १६० दिवसांचे ३,८४,००० फोटो. एका फोटोवर सरासरी ३ सेकंद नजर टाकून "खाणं", "चहा", "बसलेला", "काही दिसत नाही" असा शिक्का मारायचा म्हटलं तर ३२० तास होतात. रोज ४ तास न चुकता बसलात तरी ८० दिवस. शिवाय दोन माणसांचे शिक्के जुळतात का हे बघायला किमान २० टक्के फोटो दुसऱ्याने पाहावे लागतात, ते आणखी ६४ तास. आणि हे रेसिडेन्सीच्या ड्युट्या सांभाळून. गाईडसमोर बसताना फोनची किंमत सांगू नका, हे तास सांगा. हे तास कुठून येणार ते ठरलं की मगच पुढचं वाचा.

तास परवडत नसतील तर माणसं आणि दिवस कमी करा. फोटोंमधलं अंतर वाढवून काम हलकं करायचा मोह टाळा. अंतर प्रश्नावरून ठरतं. नुसतं बसणं-उभं राहणं मोजायचं असेल तर ३० सेकंदही पुरतात. चहाचा कप मात्र टपरीवर दोन मिनिटांत संपतो, आणि त्यातला निम्मा वेळ तो हात खाली असतो. ३० सेकंदांच्या अंतराने चार फोटो मिळाले आणि त्यातले दोन अंधारे निघाले, तर चहा झाला की नाही यावर वाद घालत बसाल. तुमच्या कामाला १५ सेकंद योग्य आहेत. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन भागातल्या १६८ मुलांच्या गळ्यात ४ दिवस कॅमेरा देऊन जाहिरातींचा अभ्यास झाला, तिथे दर ७ सेकंदांना फोटो होता, कारण रस्त्यावरून चालताना जाहिरात क्षणात मागे जाते. त्या अभ्यासातून आरोग्याला बऱ्या नसलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती मुलांच्या नजरेसमोर दिवसाला सरासरी २७ वेळा येतात, हे निघालं. मुलांना विचारून हा आकडा कधी मिळाला नसता.

फोनची कल्पना नवी नाही. या सगळ्याची सुरुवात केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये बनलेल्या सेन्सकॅमपासून झाली. गळ्यात अडकवायचा, रुंद भिंगाचा तो छोटा कॅमेरा प्रकाश किंवा हालचाल बदलली की आपोआप फोटो घ्यायचा. त्यानंतर २०१३ मध्ये ऑटोग्राफर नावाचा तसाच कॅमेरा आला आणि २०१६ मध्ये त्याची कंपनी बंद पडली. खास कॅमेऱ्यांचं दुखणं हेच. अभ्यास अर्ध्यावर असताना बाजारातून माल गायब होतो, सुटे भाग मिळत नाहीत. साधा फोन हा त्यावरचा उपाय. २०१३ मध्येच डब्लिनच्या संशोधकांनी अमेरिकन जर्नल ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये साधा स्मार्टफोनच असा वापरता येईल हे मांडलं होतं. आपल्याकडे हैदराबादजवळच्या गावांत हवेतल्या सूक्ष्म कणांच्या अभ्यासात लोकांच्या अंगावर कण मोजायचं यंत्र आणि कॅमेरा दोन्ही दिलं गेलं. धूर नेमका कुठे आणि काय करताना वाढला, ते फोटोंवरून कळलं. एथिक्स कमिटीत कुणी "हे भारतात कुणी केलंय का?" असं विचारलं, आणि ते विचारतीलच, तर हे उदाहरण जवळ ठेवा.

आता कॅमेऱ्याला छातीवरून काय दिसतं ते बघू. छातीवरच्या कॅमेऱ्याला हात दिसतात, तोंड दिसत नाही. त्यामुळे तळहातावर चुना-तंबाखू मळताना अगदी स्वच्छ दिसते. तुमच्या अभ्यासातली ही सगळ्यात खात्रीची नोंद ठरेल. सिगारेट मात्र ओठाला गेली की चौकटीबाहेर. ती पेटवताना किंवा झटकताना सापडली तर सापडली. चहाचा कप दिसेल, घोट दिसणार नाही. टेबलावरची मिसळ छान दिसेल. जमिनीवर मांडी घालून, पुढे डबा ठेवून जेवणाऱ्या माणसाचं जेवण दिसेलच असं नाही, कारण वाकल्यावर दोरी पुढे झुलते आणि भिंग थेट जमिनीकडे वळतं. पोट सुटलेल्या माणसावर फोन वरच्या बाजूला कलतो आणि दिवसभर पत्र्याचं छत टिपतो. फोनच्या वरच्या कडेला मागून फोमची पट्टी लावली की हा कल बराच जातो. माणसागणिक पट्टीची जाडी वेगळी लागते, तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी प्रत्येकाला समोर बसवून, हातात रिकामा डबा देऊन, दोरीची लांबी आणि पट्टी ठरवा. ही दहा मिनिटं वाचवू नका.

भिंगाचा मुद्दाही इथलाच. ऑटोग्राफरचं भिंग १३६ अंशांचं होतं. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला कर्णाच्या दिशेने साधारण ८० अंश मिळतात. अल्ट्रावाइड भिंग असलेला फोन मिळाला तर उत्तम, पण जुन्या फोनवर ते क्वचितच असतं. नसेल तर फोन उभा अडकवा. बाजूचं कमी दिसतं, पण समोरच्या माणसापासून मांडीवरच्या डब्यापर्यंत उभी पट्टी मिळते, आणि तुम्हाला तीच हवी आहे. बाजूची माणसं कमी येतात हा वरचा फायदा.

स्त्री कामगार घेणार असाल तर साडीचा पदर आणि ओढणी भिंगावर येतेच. त्यांच्यासाठी दोरीऐवजी ओढणीच्या वरून बांधायचा पट्टा शिवून घ्या. आणि पट्टा कसा हवा ते त्यांनाच विचारा, त्या तुमच्यापेक्षा चांगला उपाय सांगतील. जून ते सप्टेंबर हा अभ्यास ठेवू नका. इथल्या पावसात रेनकोटच्या आतून नुसते काळे फोटो मिळतात.

पुढचा मुद्दा सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, कुणी लिहीत नाही, पण एमआयडीसीत तो पहिला. फिरत्या मशीनजवळ गळ्यात दोरी घालून कुणालाही उभं करू नका. लेथ, ड्रिलिंग, ग्राइंडिंग, कुठेही. इचलकरंजीत यंत्रमागावर जायचा विचार असेल तर तिथेही हेच. आयकार्डच्या दोऱ्यांमध्ये जोराचा हिसका बसला की मागून सुटणाऱ्या क्लिपच्या दोऱ्या मिळतात, त्या बाकी वेळेसाठी घ्या. पण मशीनवर काम चालू असताना फोन छातीला घट्ट बसणाऱ्या पट्ट्यातच हवा, किंवा सरळ काढून ठेवलेला. फाउंड्रीत भट्टीजवळ तर फोन नकोच. उष्णतेने तो स्वतः बंद पडतो, आणि जुन्या बॅटरीला उष्णता देणं धोक्याचं आहे. विभागातले ते जुने फोन वाटण्याआधी सपाट टेबलावर पाठीवर ठेवून बघा. डगमगत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा फोन कुणाच्या छातीवर द्यायचा नाही.

आणि मालकाची लेखी परवानगी. कारखान्यात ओतकामाचे नमुने (पॅटर्न) असतात, गिऱ्हाइकाच्या नावाची ड्रॉइंगं भिंतीवर असतात, त्यामुळे मालकाला तुमच्या फोटोंची धास्ती वाटणं साहजिक आहे. माझं मत विचाराल तर शॉप फ्लोअरवर कॅमेरा बंद ठेवा आणि जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, येण्याजाण्याचा वेळ तेवढाच घ्या. बसण्या-उभं राहण्याचा वेळ फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरवरूनही काढता येतो, त्याला फोटो लागत नाही. सेन्सर मात्र फोन अंगावर असेपर्यंतच खरं सांगतो. मशीनवाल्यांसाठी पट्टा नाहीतर मांडीवरचा वेगळा सेन्सर, एवढी तयारी ठेवा. याने मालकही तयार होतो आणि वरचे ३२० तास बरेच कमी होतात.

फोनमध्ये काय करायचं ते आता भरभर सांगतो. आयफोन सोडून द्या, ॲप मागे गेलं की तिथे कॅमेरा थांबतो. अँड्रॉइडमध्येही आवृत्ती ९ पासून मागे चालणाऱ्या ॲपला कॅमेरा मिळत नाही. त्यामुळे वर कायम सूचना दाखवत चालणारं ॲप लागतं आणि ते पडदा चालू असताना समोरून सुरू करावं लागतं. बॅटरी वाचवायच्या नावाखाली काही कंपन्यांचे फोन असं ॲप मध्येच मारून टाकतात, म्हणून त्या ॲपसाठी बॅटरीची बंधनं सेटिंगमध्ये जाऊन काढा, आणि प्रत्येक मॉडेलवर पूर्ण दिवस चालवून बघितल्याशिवाय तो फोन यादीत घेऊ नका. सिम काढा. फ्लाइट मोड लावा. मायक्रोफोनची परवानगी काढून टाका, आवाजाशी तुमचं काही देणंघेणं नाही. कुणाचंही गूगल खातं फोनवर नको. एका अभ्यासात एका फोनवर कुणाचं तरी जुनं खातं राहून गेलं होतं आणि वायफाय मिळताच फोटो आपोआप त्या खात्यात चढले. तेव्हापासून मी फोन आधी पूर्ण रिसेट करून घेतो. फोटो गॅलरीत जाता कामा नयेत, ॲपच्या स्वतःच्या बंद जागेत राहावेत. फोन कुणाला रस्त्यावर सापडला तर त्याला काहीही उघडता येऊ नये, म्हणून लॉक आणि एन्क्रिप्शन दोन्ही हवं.

फोटोचा आकार लहान ठेवा. ३०० केबीच्या फोटोने दिवसाचे ७२० एमबी होतात, ४ एमबीच्या फोटोने साडेनऊ जीबीच्या वर. कामाला पहिला पुरतो. आणखी एक, सिम नसलेल्या फोनचं घड्याळ हळूहळू चुकत जातं. रोज सकाळी सुरुवातीला सहभागीचा क्रमांक लिहिलेला कागद आणि शेजारी एक घड्याळ धरून एक फोटो काढून घ्या. तीन महिन्यांनी कुठला फोल्डर कुणाचा, या गोंधळातून तो एक फोटो सोडवतो.

माणसांकडे वळू. कामगाराची संमती घेणं सोपं आहे. अवघड आहे ती त्याच्या आजूबाजूच्यांची. त्याची बायको, शेजारी, टपरीवाला, बसमधली पोरगी, तालमीत लंगोटावर उभे असलेले पैलवान, यांनी कुणी तुमच्या कागदावर सही केलेली नाही. फोन गळ्यात उलटा लटकलेला दिसला की लोकांना व्हिडिओ शूटिंग चाललंय असंच वाटतं. मागे काळा चौकोनी कॅमेरा असताना लोक कुतूहलाने विचारायचे, फोन दिसला की भांडायला येतात. म्हणून फोनच्या वर दिसेल असं मोठ्या मराठी अक्षरांत कार्ड लावा: हा आरोग्याचा अभ्यास आहे, व्हिडिओ नाही, आवाज नाही, तुमचा फोटो नको असेल तर सांगा, पुसतो. खाली विभागाचा फोन नंबर. आणि कामगाराला हे वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणायची सवय करून घ्या. कार्ड वाचायला कुणी थांबत नाही.

संडास, न्हाणी, कपडे बदलायची जागा, दवाखाना, बँक, देऊळ आणि पोरांची शाळा, इथे कॅमेरा बंद. अंबाबाईच्या देवळात जाताना कुणी टोकायची वाट बघायची नाही. बंद करणं म्हणजे पडद्यावर तीन बटणं शोधणं नव्हे. भिंगावर सरकणारं झाकण लावा. दहा-वीस रुपयांचं चिकटवायचं झाकण ॲपमधल्या बटणापेक्षा जास्त उपयोगी पडतं, कारण समोरच्यालाही ते बंद झालेलं दिसतं.

घरचा वेळ मी तरी घेतला नसता. दोन खोल्यांच्या घरात सकाळी सातला गळ्यात कॅमेरा घालून फिरणारा माणूस सगळ्या घराची अडचण करतो, आणि बाईने नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? संमती कागदावर नवऱ्याची आणि न्हाणीचा दरवाजा बायकोचा, हे बरोबर नाही. घरातलं जेवण हवं असेल तर ताटावर धरून मुद्दाम एक फोटो जेवणाआधी, एक नंतर, एवढं काढायला सांगा. रात्रीचा पांढरा रस्सा किती वाट्या झाला ते दुसऱ्या दिवशी विचारून घ्या.

अंगावरच्या कॅमेऱ्यांच्या अभ्यासांसाठी नैतिक चौकट २०१३ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्येच छापली गेली आणि अजून बरेच जण तिचा आधार घेतात. तिचा गाभा असा की, फोटो संशोधकाने बघण्याआधी सहभागीला एकांतात बघू द्यायचे आणि हवे ते कारण न विचारता पुसू द्यायचे. इथे फोन खास कॅमेऱ्याला मागे टाकतो, कारण पडदा हातातच आहे. पण २,४०० फोटो कामावरून दमून आलेला माणूस एकेक करून बघणार नाही. ॲपमध्ये दर दहा मिनिटांचा एक गठ्ठा करून दाखवा, म्हणजे "हे सहा पन्नास ते सातचं सगळं काढा" असं एका बोटात करता येईल. किती पुसले याचा आकडा ठेवा, काय पुसलं त्याचा नाही.

तुमच्या प्रोटोकॉलमध्ये आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं येतीलच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबद्दलही कमिटी विचारेल. त्यात संशोधनाला सूट आहे, अटींसह. पण त्या सुटीच्या भरवशावर काम ढिलं ठेवू नका. त्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे, आणि कामगाराच्या फोटोत मुलं येतातच. ते फोटो चेहरे धूसर करूनच कोडिंगला, म्हणजे शिक्के मारायला, द्या. धूसर करणारं सॉफ्टवेअर इंटरनेट नसलेल्या लॅपटॉपवर चालवा. बाजूने किंवा अर्धवट दिसलेले चेहरे ते सोडून देतं, ते हाताने झाका. आणि प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा: फोटोत मारहाण किंवा मुलाशी गैरवर्तन दिसलं तर कुणाला कळवायचं. हे सहभागीलाही संमती घेतानाच सांगायचं असतं.

हल्ली प्रत्येकजण विचारतो, कोडिंग एआयकडून करून घेऊ का? खाण्याचे आणि न खाण्याचे फोटो वेगळे करायला, अंधारे फोटो गाळायला, जरूर घ्या. त्याने तुमचे तास खरोखर कमी होतात. पण पदार्थ ओळखण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका. कट आणि तांबडा रस्सा यांतला फरक स्टीलच्या वाटीत वरून बघून मलाही नेहमी सांगता येत नाही. आणि फोटो कुठल्याही ऑनलाइन सेवेत चढवायचे नाहीत, "फक्त चाचणीसाठी" सुद्धा.

शेवटी तुमच्या मूळ शंकेबद्दल, प्रश्नावलीवर भरवसा नाही याबद्दल. तुमच्या प्रस्तावाशी माझा मतभेद इथेच आहे. कॅमेरा प्रश्नावलीची जागा घेत नाही. फोटोत मीठ दिसत नाही, तेल किती ते कळत नाही, चहात साखर किती चमचे ते कळत नाही. मीठ मोजायचं असेल तर २४ तासांची लघवी गोळा करण्याला पर्याय नाही. कॅमेरा विसरलेलं आठवून देतो. ऑकलंडमध्ये ४० प्रौढांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसतं "काल काय खाल्लं" विचारलं, तेव्हा पुरुषांनी प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के आणि बायकांनी १३ टक्के कमी ऊर्जा सांगितली. तीच माणसं कॅमेऱ्याचे फोटो बघत बोलली, तेव्हा तूट ९ आणि ७ टक्क्यांवर आली. निम्मी चूक गेली, निम्मी राहिली. म्हणून संध्याकाळी कामगाराने पुसायचं ते पुसलं की त्याच्या शेजारी बसा, आधी न बघता विचारा, मग फोटो दाखवत विचारा, आणि दोन्ही उत्तरं वेगळ्या रकान्यांत लिहा. साडेदहाच्या फोटोत वडापावचा कागद दिसला की "हां, तो राहिलाच की" असं उत्तर येतं. तुमच्या प्रबंधातला निष्कर्ष या दोन रकान्यांच्या फरकातून निघेल.

असं केलं तर सगळे फोटो कोड करायचीही गरज उरत नाही. खाण्यापिण्याचे प्रसंग तेवढे कोड होतात.

कमिटीत जाण्याआधी विभागातल्याच तिघांच्या गळ्यात, तुमच्यासकट, एक दिवस फोन द्या. सीपीआर हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जेवा, टपरीवर चहा घ्या, केएमटीच्या बसने घरी जा, आणि रात्री स्वतःचे २,४०० फोटो स्वतः बघा. डबा किती फोटोंत दिसला, फोन किती वाजता मेला आणि बसमध्ये किती जणांनी हटकलं, हे तीन आकडे प्रस्तावात घाला. डबा दिसतच नसेल तर दोरी दोन इंच कमी करून पुन्हा एक दिवस काढा, मग कमिटीची तारीख घ्या.